देवीच्या पायाखालची ओळ

धंद्याच्या आठवणी म्हाताऱ्यांनी लिहाव्यात असा आपल्याकडे प्रघात आहे. मी पंचवीस वर्षांचा आहे, आणि ज्या धंद्याविषयी लिहायला बसलो आहे तो मी जेमतेम साडेतीन वर्षे केला. तरीही संपादकांनी या दिवाळीच्या अंकासाठी मलाच गाठले. देवांच्या रंगीत चित्रांखाली जी नावे छापलेली असतात ती लिहिणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता म्हणे. तो माणूस मी. गिरगावातल्या एका शिळाछापखान्यात मी देवांची नावे लिहीत असे, आणि तीही उलटी.

उलटी म्हणजे आरशात दिसतात तशी. हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जर्मनीहून एक दगड येतो, पिवळसर करडा, पोळपाटासारखा गुळगुळीत. मोठा असला तर चार माणसे लागतात उचलायला. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचे, मग दगड पाण्याने पुसून वर शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा धरत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर उतरते, पण डाव्याचे उजवे होऊन. म्हणून दगडावर सगळे आधीच उलटे काढावे लागते. शिवाय दर रंगाला वेगळा दगड. आमच्या लक्ष्मीला नऊ दगड लागत. पहिला पिवळा, मग गुलाबी, निळा, असे करत शेवटी काळा. काळ्या दगडावर आकृतीच्या कडा, डोळ्यांच्या बाहुल्या, दागिन्यांच्या बारीक रेषा आणि तळाशी माझी अक्षरे. आठ दगडांपर्यंत देव आंधळा असे. ज्या दाबाखाली त्याला दृष्टी येई, त्याच दाबाखाली माझी ओळ उमटे.

या कामाला मी लायक होतो तो केवळ हाताने. मनाने अजिबात नव्हतो. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी भिंतीवर देव नव्हता आणि देवाच्या कोनाड्यात पत्रके असत: बालविवाहाविरुद्ध, केशवपनाविरुद्ध, श्राद्धाच्या जेवणावळींविरुद्ध. लहानपणी इतर मुलांना गोष्टी सांगून झोपवत, मला वडील पत्रक वाचून झोपवीत. त्यामुळे पंधराव्या वर्षी मला वाटत असे की चार आणे भर स्वच्छ गद्य आणि एक छापखाना मिळाला तर हा देश दोन वर्षांत ताळ्यावर येईल. गिरगावातल्या छापखान्यात मी शिरलो तो माझे पहिले पत्रक छापून घ्यायला. मालक भाऊशेट यांनी माझे हस्ताक्षर पाहिले, पत्रक बाजूला ठेवले आणि विचारले, “हेच उलटं लिहिता येईल का?” आले. माझे मलाच आश्चर्य वाटले. दुसऱ्या दिवसापासून मी दगडावर वाकून ‘श्रीगणेश प्रसन्न’ लिहू लागलो आणि मनात म्हणालो, पोटासाठी माणूस काय काय करतो.

पहिले वर्ष मी हसण्यात घालवले. हसण्याजोगे घडतही असे. एका नव्या चित्रकाराने गणपती काढताना सगळे उलटे काढले, फक्त सोंड नेहमीच्या सवयीने सुलटी काढून ठेवली. छापून आला तो उजव्या सोंडेचा गणपती. सगळी छपाई दोऱ्यांवर वाळत पडेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. भाऊशेटनी कपाळाला हात लावला आणि तशीच चित्रे विकायला काढली. तिसऱ्या दिवशी कचेरीत काम करणारे एक गृहस्थ चित्र स्वच्छ धोतरात गुंडाळून परत घेऊन आले. ते म्हणाले, “शेट, तुम्हांला दोष देत नाही. कुवत आमचीच नाही. उजव्या सोंडेचा म्हणजे सोवळं कडक. आमच्या चार बिऱ्हाडांत नळ एक. निभवायचं कसं?” भाऊशेटनी मुकाट्याने बदलून दिले. उरलेला ढीग लालबागेतल्या एका गिरणीच्या जॉबराने, मजूर भरणाऱ्या मुकादमाने, उचलला. कडक आहे हे त्याला सांगितले तर म्हणाला, “मग बरंच. आमच्या चाळीत मऊ देवाचं कोण ऐकतंय?”

हा किस्सा मी वडिलांना पत्राने कळवला. त्यांचे उत्तर आले: ज्या देवाचा स्वभाव चित्रकाराच्या चुकीने बदलतो त्याला भिणाऱ्यांसाठी तू अक्षरे काढतोस, हे ध्यानात असू दे.

ध्यानात होते. पण मग एका दुपारी परळच्या गिरणीतला एक माणूस आला आणि उंबऱ्याबाहेर तीन हात दूर उभा राहिला. आत या म्हटले तरी येईना. पैसे त्याने पायरीवर ठेवले आणि महादेवाचे चित्र मागितले. मी उठून त्याच्या हातात दिले. त्याने ते घेतले, पण निघेना. शेवटी खाली बघत विचारले, ह्याला घरात बसवायला भट लागतो काय? मी म्हटले, नाही. मग म्हणाला, “आन् कुनी म्हनंल की तुमच्या घरात हा कसा, तर?” मी सांगितले, विकत घेतलेला कागद आहे, कोणाच्या बापाचा त्यावर हक्क नाही. त्याने चित्र छातीशी धरले आणि पाठ न फिरवता दोन पावले मागे गेला, देवळातून निघतात तसा. देवळात त्याला कधी कोणी शिरू दिले नसणार.

त्या दिवसानंतर माझे हसणे कमी झाले. माझी पत्रके समानता सांगत, आणि ती वाचत ते आधीच समान झालेले लोक. दोन आण्यांच्या त्या भडक निळ्या महादेवाने मात्र एका माणसाला कोणाची परवानगी न विचारता देव घरी नेऊ दिला होता. हे मान्य करताना मला त्रास झाला, पण केले.

आमच्या गिऱ्हाइकांत मला सर्वांत जवळची पोशीबाय. वरळीच्या कोळीवाड्यातली. सकाळी गिरगावात मासळी विकायची आणि पंधरवड्याने एकदा रिकामी पाटी घेऊन छापखान्यात यायची, वाड्यातल्या बायकांसाठी डझनभर चित्रे न्यायला. आधी आमच्या नळावर हात धुवायची, कोपरापर्यंत, मग चुना चोळून पुन्हा धुवायची, वास जावा म्हणून. चित्रांसाठी वेगळे कोरे फडके आणलेले असायचे. मासळीच्या पाटीत तिने देव कधी ठेवला नाही. मी दगडावर वाकलेला दिसलो की म्हणायची, “काय रं उलट्या मास्तर, आज कुठल्या देवाला आरशात कोंडलास?” तिला एकच मुलगा, नारन, विशीतला, होडीवर जाणारा. त्याचे लग्न ठरवायचे होते आणि मुलीकडच्यांना द्यायला काचेत बसवलेला मोठा राम हवा म्हणून ती भाऊशेटशी सहा महिने घासाघीस करत होती.

मग मुंबईत गाठीचा ताप, प्लेग, आला.

त्या दिवसांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. मी छापखान्यापुरते सांगतो. आमचे निम्मे कामगार बोटीने कोकणात पळाले. चुन्याच्या वासाने गिरगाव भरून गेले. घराघरांत तपासणीस शिरत, कौले काढून ऊन आत घेत, दुखणाईत सापडला की परळकडच्या इस्पितळात नेत आणि घरच्यांना उघड्यावरच्या झोपड्यांत. इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगाचे तेल, मोमियाई, काढतात, ही अफवा शिकलेल्यांच्या तोंडीसुद्धा होती. लोक आजारी माणसे पेटाऱ्यात, माळ्यावर, अडगळीत लपवू लागले. लपवलेल्या एकापायी घरेच्या घरे बसली.

मी दोन रात्री जागून सोळा पानांचे पत्रक लिहिले. ताप देवीच्या कोपाने येत नाही, आजाऱ्याला लपवू नका, घर सोडून मोकळ्या हवेत जा, इस्पितळात कोणी मोमियाई काढत नाही. त्याहून चांगले गद्य मी आजवर लिहिलेले नाही. ते घेऊन भाऊशेटांकडे गेलो. छपाईला माझ्याकडे पैसे नव्हतेच.

भाऊशेटनी सगळे वाचले. मग त्यांनी आमच्या जुन्या अष्टभुजा देवीचे चित्र पुढे ओढले. दगड तयार होते, फक्त खालची ओळ बदलायची होती. नवी ओळ त्यांनी कागदावर लिहून ठेवलेली: ‘ज्या घरी ही माउली, तेथे गाठीचा ताप येणार नाही.’

मी म्हटले, हे मी लिहिणार नाही. ते रागावले नाहीत. छापखाना बंद पडायला आला आहे, राहिलेल्या माणसांनी काय खावे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. मग म्हणाले, “तू माझी एक ओळ लिही. मी तुझी सोळा पानं फुकट छापतो.”

मी एक दिवस विचार केला. या विचाराचा मला आज जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. मी स्वतःला समजावले की एका ओळीचे खोटे सोळा पानांचे खरे सहज खोडून काढील. लोक चित्र घेतील, पण पत्रक वाचून शहाणे होतील. पत्रकांवर वाढलेल्या मुलाची ही श्रद्धा होती, आणि अष्टभुजेवरच्या कुठल्याही श्रद्धेइतकीच आंधळी. मी ओळ लिहिली. नीट लिहिली, हेही सांगतो. वेलांट्या इतक्या सुबक कधी उतरल्या नव्हत्या.

देवी दिवसाला दोनदा यंत्रावर चढू लागली. लालबाग, चिंचपोकळी, दादर, सगळीकडून फेरीवाले येऊन दारात बसत. पत्रकेही छापली गेली, भाऊशेट शब्दाचे पक्के. मी ती फुकट वाटली. वाचता येणाऱ्यांनी घेतली आणि ‘छान लिहिलं आहेस’ म्हणाले. ते तर आधीच शहर सोडायच्या तयारीत होते. उरलेले गठ्ठे छापखान्यात पडून राहिले. ओल्या चित्राचा रंग दुसऱ्या चित्राला लागू नये म्हणून मध्ये कागद घालावा लागतो. एका सकाळी पाहिले तर रद्दी संपल्यामुळे कामगार दोन देवींच्या मध्ये माझे पत्रक घालत होते.

पोशीबाय त्या महिन्यात दोनदा येऊन दोन डझन अष्टभुजा घेऊन गेली. ओळ तिने माझ्याकडून वाचून घेतली. मी वाचली. तिने ‘बरं’ म्हटले आणि हात जोडले. मी तिला काही बोललो नाही. फडक्यावर एक पत्रक मात्र ठेवले, तिला वाचता येत नाही हे माहीत असून.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा भर दुपार होती. पाटी नव्हती. काखेत चित्राची गुंडाळी होती आणि ती नळाकडे न जाता थेट माझ्या दगडापाशी आली. चित्र पसरून तिने ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “वाच.”

मी वाचली.

“तूच लिवलंस ना?”

“हो, मावशी.”

“मग खरं हाय का?”

मी विचारले, काय झाले. तिने आवाज खाली केला. नारनला परवापासून ताप होता. काखेत गाठ आली होती. तिने त्याला जाळ्यांच्या खोलीत, जाळ्यांच्या ढिगामागे निजवला होता आणि उशाशी ही देवी लावली होती. दोन दिवस ती वाट पाहत होती, कारण ओळीत लिहिले होते तसे व्हायला हवे होते. घरात तिचा नवरा, दीर, जाऊ आणि जावेची दोन पोरे होती. उद्या तपासणी कोळीवाड्यात येणार होती आणि तिचा दीर म्हणत होता की पोराला होडीत घालून खाडीपलीकडे न्यावे, पण इस्पितळात देऊ नये.

मी म्हटले, “मावशी, ते खोटं आहे. ही ओळ खोटी आहे. नारनला आजच इस्पितळात ने आणि बाकी सगळे झोपड्यांत जा.”

ती म्हणाली, “तू आता तोंडानं सांगतंस. हे तर छापलेलं हाय.”

मी धावत जाऊन पत्रक आणले. म्हटले, हेही छापलेले आहे, यात खरे लिहिले आहे. तिने ते हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले.

“हे कुणी लिवलं?”

“मीच.”

“मग दोनातलं कुठलं खरं, मना कसं कळावं?”

सोळा पानांत मी सगळ्या शंकांना उत्तरे दिली होती, पण ही एक शंका मला सुचली नव्हती. आणि वेळ जात होता. जाळ्यांमागे नारन पडला होता आणि त्या घरात आणखी पाच माणसे होती.

मी तिचा हात धरून तिला यंत्रापाशी नेले. काळा दगड यंत्रावर चढलेला होता. रामजी नावाचा मालवणी कामगार रूळ फिरवत होता. मी त्याला थांबायला सांगितले आणि अक्षरे तपासायचा आरसा दगडावर तिरपा धरला. पोशीबायने आरशात पाहिले. आठ हात, वाघाचा पंजा, नाकातली नथ, तिच्या हातातल्या कागदावर होते तेच. तिने कागद आरशाशेजारी धरून एकेक हात मोजला. तिचा विश्वास बसला की सगळ्या देवी येथूनच निघतात.

मग मी चुकलेले अक्षर घासून काढायची पाटीच्या दगडाची कांडी घेतली आणि ओळीवर पाणी टाकून घासू लागलो. या कामाला जोर लागत नाही, सबुरी लागते. देवीच्या पावलाला धक्का लागू नये म्हणून मी तळव्याचा आडोसा धरला होता. ‘येणार नाही’ गेले. ‘गाठीचा ताप’ गेले. ‘माउली’ गेले. काळा चिखल बोटांवर आला, तो मी फडक्याने टिपला. देवीच्या पायाखाली कोरा दगड उरला.

रामजी रूळ हातात धरून उभा होता. तो म्हणाला, “मास्तरानू, शेट आता जीव घेतलो तुमचो.”

पोशीबाय वाकून त्या कोऱ्या जागेकडे बघत होती. “एवढ्यात पुसतं?” तिने विचारले.

“एवढ्यात.”

तिने पदर कमरेला खोचला, चित्र गुंडाळले आणि निघाली. दारातून वळून विचारले, इस्पितळात आयशीला बसू देतात का? मी म्हटले, मी येतो तुझ्याबरोबर, विचारतो. पण मी निघण्याआधी भाऊशेट गादीवरून उठून आले होते. त्यांनी दगड पाहिला, तिला पाहिले. मला म्हणाले, जाऊन ये.

आम्ही नारनला डोलीत घालून नेले. दीर शिव्या देत काही अंतर मागून आला आणि मग परत फिरला. इस्पितळाच्या दारात एका डॉक्टरने पोशीबायला आत बसू दिले. तेवढे तरी माझ्या पत्रकातले खरे निघाले, मोमियाई कोणी काढत नव्हते. बाकीची पाच माणसे, दीरसुद्धा, त्याच संध्याकाळी झोपड्यांत गेली.

परत आलो तेव्हा भाऊशेट एकटेच बसले होते. मला वाटले होते ते ओरडतील. ते म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” मी मान हलवली. मग म्हणाले, “अरे, माझ्या घरीही तेच चित्र टांगलंय. बायकोला मी काय सांगू?” मी त्यांना लबाड समजत होतो. ते स्वतःच्या मालावर विश्वास ठेवणारे दुकानदार होते, आणि त्या घटकेला मला त्याची जास्त भीती वाटली.

दोन दिवसांत त्यांनी दुसरा अक्षरे काढणारा मिळवला. ओळ पुन्हा लिहिली गेली आणि देवी पुन्हा छापली जाऊ लागली. माझ्या घासण्याने मुंबईचे एवढेच वाचले: दीड दिवसाची छपाई.

नारन इस्पितळात चौथ्या दिवशी गेला. दोन दिवस आधी आणला असता तर वाचता का, हे मी डॉक्टरला विचारले. त्याने सांगितले की सांगता येत नाही, अनेक जण पहिल्या दिवशी आणूनही जातात. त्याने माझे समाधान करायला तसे सांगितले की ते खरेच होते, मला ठाऊक नाही. ते दोन दिवस मात्र माझ्या सुबक वेलांट्यांनी घेतले होते, हे मला डॉक्टरकडून कळायची गरज नव्हती.

झोपड्यांतली पाचही माणसे जगली.

ताप ओसरल्यावर मी वरळीला गेलो. जाऊ नये असे वाटत होते, म्हणून गेलो. कोळीवाड्यातली घरे नव्याने चुन्याने रंगवलेली होती. पोशीबाय ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिने मला बस म्हटले, पाणी दिले. आतल्या पांढऱ्या भिंतीवर, दारासमोरच, अष्टभुजा देवी टांगलेली होती. त्या दुपारी गुंडाळून नेलेली, ती तिने पुन्हा लावली होती. चित्र मला थोडे आखूड वाटले. जवळ जाऊन पाहिले तेव्हा कळले, खालची ओळ कोयत्याने कापून टाकली होती. कड सरळ होती, मासळी कापणाऱ्या हाताची.

मला राहवले नाही. मी विचारले, “मावशी, एवढं सगळं झाल्यावर हिला पुन्हा भिंतीवर कशी लावलीस?”

तिने सूप खाली ठेवले, आत गेली आणि डब्यातून कागदाची एक पट्टी घेऊन आली. तिच्यावर माझी ओळ होती, शाबूत.

“तिनं कुठं काय लिवलं?” ती म्हणाली. “लिवलंस तू. हे तुजं हाय. घेऊन जा.”

मी हात पुढे केला. तिने पट्टी माझ्या तळव्यावर ठेवली, आणि पुन्हा सुकट निवडायला बसली.